आयत्या पाटावरची तुंगाआजी

ऐक गं गौराई, तुझ्या पहिल्या फुगडीची गोष्ट. आणि बाळांनो, तुम्हीही ऐका. लोळू नका, नीट मांडी घालून बसा. गोष्ट संपली की सगळ्यांना उठावं लागणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

डोंगराच्या हिरव्यागार ओंजळीत एक गाव होतं. त्याचं नावच ओंजळगाव. गावाच्या टोकाला एक इवलीशी झोपडी होती. इतकी इवलीशी, की आत निजलेल्या मांजराला आळस द्यायचा झाला तर शेपूट दाराबाहेर ठेवावं लागे. त्या झोपडीत शेवंती नावाची एक चिमुरडी राहायची आणि तिची तुंगाआजी राहायची. शेवंतीला आई नव्हती, बाबा नव्हते. तिच्या परकराला लाल, पिवळी, निळी, जांभळी ठिगळं होती. लांबून पाहिलं तर वाटावं, फुलपाखरूच चाललंय. जवळून पाहिलं की कळे, गरिबी चाललीय.

दोघी सकाळी भाकरी-चटणी खात आणि संध्याकाळी चटणी-भाकरी. सणावाराला गूळ.

आजी देवळासाठी फुलवाती करायची आणि शेवंती हार गुंफायची. आजी दिवसभर उठे, बसे, वाके, सारवे, पाणी आणे. वय झालेलं. उठताना तिचा उजवा गुडघा 'कट्' म्हणे आणि डावा 'कुट्' म्हणे.

"भांडतायत मेले," आजी हसून म्हणायची. "उजवा म्हणतो तू आधी ऊठ, डावा म्हणतो तू."

आजी हसायची, पण शेवंतीच्या डोळ्यांत टपोरं पाणी यायचं. तिला वाटे, माझ्या आजीला एकदाही उठावं लागू नये. सगळं कसं तिच्या हातात आयतं यावं.

गावाबाहेर थोड्या चढावर एक तळं होतं, आणि तळ्याकाठी फुलबाग. जाईजुई चांदण्यांसारख्या फुललेल्या, जास्वंदीच्या लालचुटुक झुंबरांना दवाचे मणी लटकलेले, अबोलीच्या केशरी कळ्या ओठ मिटून बसलेल्या. मधोमध अनंताचं झाड होतं. शेवंती रोज पहाटे तिथे फुलं तोडायला जायची. पण एक नेम कधी चुकायचा नाही. कुठल्याही झाडाचं शेवटचं फूल ती तोडत नसे. "झाडाची ओटी रिकामी करू नये," असं आजीनं शिकवलं होतं.

आषाढातल्या एका सकाळी काय झालं, अनंताला अगदी मोजकी फुलं आली होती. हार गुंफता गुंफता शेवटी एका फुलाची जागा रिकामी राहिली. वर झाडावर एकच पांढराशुभ्र अनंत उरला होता. आज हार अपुरा दिसला तर गुरवकाका रागावणार. शेवंतीनं हात वर केला. मग मागे घेतला.

"असू दे रे झाडा," ती म्हणाली. "मी खाईन बोलणी. तुला एक तरी हवं."

तोच फुलातून आवाज आला, "हुश्श! वाचलं माझं घर!"

पाकळ्यांचा पडदा बाजूला सारून एक परी बाहेर आली. करंगळीएवढी! चतुराच्या पंखांसारखे झिलमिल पंख, धुक्याचं तलम नऊवारी लुगडं, त्याला इंद्रधनुष्याचे काठ, नाकात मोहरीएवढी नथ. आणि केस? सावरीच्या कापसासारखे पांढरेफेक! तोंडभर सुरकुत्या, जशी काही सोनेरी मनुकाच.

परीनं पदर खोचला आणि या पानावरून त्या पानावर, त्या पानावरून या पानावर टुणटुण उड्या मारायला लागली. दवाचे थेंब रुप्याच्या घुंगरांसारखे किणकिणले.

शेवंतीनं डोळे मोठे केले. "परीबाई, तुम्ही म्हाताऱ्या आहात?"

"मग? त्या वडाच्या आजोबांना रोप असताना पाणी घातलंय मी."

"पण परी तर तरणीताठी असते ना?"

"कुणी सांगितलं गं? परीसुद्धा म्हातारी होते. फक्त बसून राहत नाही." असं म्हणून परी गिरकी घेऊन शेवंतीच्या तळहातावर उतरली. "रोज शेवटचं फूल ठेवतेस, म्हणून रोज मला घर मिळतं. काय हवं ते एक माग. पण आमच्या देण्याला नेम असतात हं. पहिला नेम, मागायचं ते दुसऱ्यासाठी."

शेवंतीला विचार करावाच लागला नाही. "माझ्या आजीला उठायला लागू नये. बसल्या जागी सगळं तिच्या हातात यावं."

परीचं तोंड कारल्याची भाजी वाढल्यासारखं झालं. "दुसरं काही माग ना. नवा परकर? दुभती गाय?"

"नाही. हेच."

"बरं बाई. आता उरलेले नेम ऐक. दिलेलं मी परत न्यायला येत नाही. ज्याच्यासाठी दिलं, त्यानं आपल्या हातांनी उचलून, आपल्या पायांनी चालत इथे आणून दिलं, तरच घेते. परत आणताना दुसऱ्या कुणी उचलायचं नाही. आणि ही वस्तू मागाल तशी जड होईल, उठाल तशी हलकी होईल. काय?"

"मागाल तशी जड, उठाल तशी हलकी," शेवंतीनं म्हणून दाखवलं. पण ती मनात म्हणाली, आजी कशाला उठतेय आता! आणि पुढचं सगळं विसरून गेली.

परीनं चिंचेच्या पाल्याचं एक पान फुंकरलं. जमिनीवर पडता पडता त्याचा शिसवी पाट झाला. चारी कोपऱ्यांत पितळी फुलं झळझळत होती. शेवंतीनं तो डोक्यावर घेतला आणि धूम घरी आली.

आजी पाटावर बसली. "अगं बाई, मऊ लागतंय की! जरा पाणी दे गं."

शेवंती उठायच्या आत कोपऱ्यातला तांब्या टुम्कन उडाला, हवेत डुलत डुलत आला आणि आजीच्या हातात बसला. आजीनं आधी तांब्याला नमस्कार केला आणि मग पाणी प्यायली.

शेवंतीनं टाळ्या पिटल्या. "आजी, आता तू उठायचं नाहीस हं. नुसतं बसायचं!"

मग काय विचारता! आजी म्हणाली "कापूस", कापूस आला. "सुपारी" म्हणाली, अडकित्ता सुपारी कातरत कातरतच आला. पाटाला शहाणपण मात्र थोडं कमी होतं. आजी म्हणाली, "बकरीला पाला," तर बकरीच खिडकीतून उडत आजीच्या मांडीवर! आजी म्हणाली, "तोंडी लावायला काहीतरी," तर शेजारच्या बयाआजीची लोणच्याची बरणी कुंपणावरून भिरभिरत आली.

बयाआजी काठी टेकत, कण्हत, मागोमाग हजर. बयाआजी म्हणजे तुंगाआजीची नवी नवरी असतानाची मैत्रीण. तिची जीभ तिच्याच लोणच्यासारखी होती, तिखट आणि मुरलेली.

"तुंगे! लोणचं हवं होतं तर तोंडानं मागायचं. बरणी कसली पळवतेस?"

"अगं मी नाही पळवली. पाटानं आणली."

"हो हो. आणि उद्या म्हणशील, लोणचंही पाटानंच खाल्लं!"

तेवढ्यात गावच्या पाटलीणबाई दारावरून जात होत्या. त्यांनी पाहिलं, झाडू आपला आपण उडतोय आणि आजीच्या हातात जातोय. त्यांनी अंगणातच लोटांगण घातलं. "देवी! देवी आली गं बाई पाटावर!"

"अहो पाटलीणबाई, मी तुंगा," आजी घाबरून म्हणाली. "परवा तुमच्याकडून ताक मागून नेलं, ती!"

"बघा, देवी अशीच साधी बोलते!" पाटलीणबाई गहिवरल्या.

झालं. घरोघरी गोष्ट गेली. ओंजळगावची माणसं मुळातच भाविक, आणि वडीलधाऱ्यांपुढे तर फार नम्र. म्हातारं माणूस उठायला लागलं की सगळं गाव एका सुरात म्हणे, "बसा, बसा, तुम्ही बसा!" मग पाटावरच्या आजीला कोण उठू देतंय? कुणी हळदकुंकू वाहिलं, कुणी ओटी भरली. शिरा आला, पुरणपोळी आली, तूप वाटीतून ओघळलं. शेवंतीला पोटभर मिळायला लागलं. तिला वाटलं, किती छान झालं! आजीलाही आधी बरं वाटलं. प्रसादाला नाही म्हणू नये, म्हणून ती खात गेली. आणि पाट मागणीमागणीनं जड होत गेला, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

बयाआजी मात्र दारात कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुंगे, देवी झालीयेस तर माझे गुडघे बरे कर."

"मला कुठे येतंय?"

"मग तू बस. मीच काहीतरी करते." आणि तिनं नेम धरला. सकाळ-संध्याकाळ काठी टेकत तुंगाआजीभोवती प्रदक्षिणा घालायची. पहिल्या दिवशी तर प्रदक्षिणा घालता घालता मध्येच टेकली आणि म्हणाली, "देवी फार रुंद आहे गं बाई."

नागपंचमी आली. पोरीबाळी झाडांना झोके बांधून उंच उंच गेल्या. आजी पाटावर. नारळीपौर्णिमा आली, नारळीभात झाला. आजी पाटावर. इकडे बयाआजी गोलगोल फिरतेच आहे. आधी काठी टेकून, मग काठी नुसती हातात, मग एक दिवस काठी विसरूनच आली. दुसऱ्या दिवशी त्या काठीनं तिनं पेरू पाडले.

पोळ्याच्या दिवशी ढोल वाजला. शिंगांना बेगड लावलेले, झुली पांघरलेले बैल रस्त्यानं निघाले. तुंगाआजीला बैलांचं फार वेड. ती उठायला गेली.

गुडघे 'कट्' म्हणाले नाहीत. 'कुट्'ही म्हणाले नाहीत. भांडायची ताकदसुद्धा राहिली नव्हती त्यांच्यात! पाय लोडासारखे जड. आजी हललीच नाही. बैल गेले. घुंगरांचा आवाज लांब लांब गेला आणि विरून गेला.

आणि बाहेर पाहते तर काय, बयाआजी लुगडं खोचून बकरीच्या मागे पळतेय!

तुंगाआजी रडवेली होऊन ओरडली, "अगं, देवी मी! आणि पावते ती बयेला!"

बयाआजी बकरीला कानाला धरून आत आली. तुंगाआजीचं तोंड पाहून तिनं बकरी सोडली, आणि पहिल्यांदाच तिखट बोलली नाही. जवळ बसून म्हणाली, "तुंगे, गौरी येणार आता. पहिली फुगडी आपली."

बाळांनो, ओंजळगावची रीत अशी. गौराई माहेरपण संपवून तळ्यावर निघाली, की काठावर तिच्यापुढे पहिली फुगडी घालायची ती गावातल्या दोन सगळ्यांत थोरल्या बायकांनी. मग बाकीच्यांनी. जिनं जिचा हात धरला, तिनं तो दरवर्षी धरायचा, सोडायचा नाही. एका वर्षी जरी जोडी चुकली, की मान दुसऱ्या जोडीचा. आधीच्या जोडीनं पुढे कायम काठावर बसून बघायचं.

"मी नाही उठले तर तुझीही जाईल गं," तुंगाआजी म्हणाली.

"जाईल की. आणि पुढे कधी हौस म्हणून हात धरायचा तर कुणाचा धरू? पाटलीणबाईच्या सासूचा? तिचे हात घामट!"

दोघी हसल्या आणि हसता हसता दोघींनी डोळे पुसले. शेवंती दाराआड उभी होती. तिनं सगळं ऐकलं. ती धावत तळ्यावर गेली. परी अनंताच्या फांदीला लोंबकळून झोके घेत होती.

"परीबाई, पाट परत घ्या हो! माझं चुकलं!"

"तुझं मन चुकलं नाही राणी, मागणं चुकलं. पण नेम म्हणजे नेम. तिनं आणायचा, तिच्या हातांनी, तिच्या पायांनी."

"पण तिला उठताच येत नाही!"

"सकाळी येत नव्हतं. आता विचारलंस?" असं म्हणून परीनं आणखी एक झोका घेतला.

शेवंतीनं घरी येऊन दोन्ही आज्यांना सगळं सांगितलं. अनंताचं फूल, परी आणि सगळे नेम. "मागाल तसा जड, उठाल तसा हलका," ती हुंदके देत म्हणाली. "आणि आजी, पाट गेला की शिरा जाईल. परत चटणी-भाकरी."

आजीनं तिला पोटाशी धरलं. "जाऊ दे गं मेला शिरा! शिरा खाऊन खाऊन माझे दातसुद्धा नुसते बसून राहिलेत. भाकरीला निदान काम करतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी म्हणाली, "तहान लागली." तांब्या लगेच उडाला. आजीनं बोट रोखलं. "ए! जा परत जागेवर! मी येतेय."

तांब्या हवेत गोंधळून थांबला. पुढे यावं की मागे जावं, त्याला कळेना. आजीनं भिंत धरली. शेवंतीनं श्वास धरला. बयाआजीनं बकरी धरली. आजी अर्धी उठली, धप्प बसली. पुन्हा अर्धी उठली, पुन्हा धप्प.

"अगं त्या भिंतीवरची गोगलगाय बघ," बयाआजी म्हणाली. "तू उठायला लागलीस तेव्हा खाली होती. आता छपराला पोचली!"

"तुझ्या गोगलगायीला गुडघे नाहीत!" तुंगाआजी चिडून म्हणाली, आणि त्या रागातच उभी राहिली.

उजवा गुडघा म्हणाला, 'कट्!'

डावा म्हणाला, 'कुट्!'

"बोलले गं बाई, बोलले!" आजीला इतका आनंद झाला, की माहेरचं माणूस भेटल्यासारखी ती गुडघ्यांना कुरवाळायला लागली.

त्या दिवशी आधी तांब्यापर्यंत. मग चुलीपर्यंत. मग उंबऱ्यापर्यंत. उंबऱ्यावर मात्र पाटलीणबाई नैवेद्य घेऊन उभ्या. आजीला चालताना पाहून त्यांनी ताट खालीच ठेवलं.

"देवी उठली! देवी कोपली! आई, बसा, बसा! काय हवं ते आम्ही देतो!"

"मला काय हवंय? उठायचंय!" आजी म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं, या बाईला साधं सांगून कळायचं नाही. तिनं आवाज घोगरा केला आणि डोळे मोठे केले. "ऐक! देवीची आज्ञा आहे. देवीला चालायचंय. जो कुणी देवीला 'बसा' म्हणेल, त्याचं दूध नासेल!"

"आणि ताक?" पाटलीणबाईंनी हात जोडून विचारलं.

"ताक राहील," बयाआजी मागून म्हणाली. "ताक आम्हाला लागतं."

तेव्हापासून गाव जपून बोलायला लागलं. आजी सकाळी अंगणात सडा घाली, दुपारी बयाआजीसोबत झाडाच्या बुंध्याला हात टेकून पाय झुलवी, संध्याकाळी दोघी हात धरून मारुतीच्या पारापर्यंत जात. जाताना भांडत, येताना गात. आजी येताजाता पाट हलवून बघे. आधी तो डोंगरासारखा घट्ट होता. मग जरा सरकला. हरितालिकेला एक कोपरा उचलला गेला.

पण बाळांनो, शहाण्या माणसाचाही पाय घसरतो. गणेशचतुर्थीला पाऊस लागला होता. आजी दमून जरा पाटावर टेकली. वास आला उकडीच्या मोदकांचा. "एकच," आजी पुटपुटली. एक मोदक आला, वर तुपाची धार घेऊन आला. मग त्याचा भाऊ आला. मग त्याच्या मागून सगळं कुटुंब आलं.

संध्याकाळी पाट पुन्हा हलेना. शेवंती कोपऱ्यात तोंड लपवून रडली.

"किती खाल्लेस?" बयाआजीनं विचारलं.

"मोजले नाहीत."

"म्हणजे पुष्कळ." बयाआजीनं सुस्कारा सोडला आणि हात पुढे केला. "चल. गणपतीबाप्पाला मोदकाचं समजतं. तो रागावत नाही. पारापर्यंत जाऊन येऊ."

"पावसात?"

"विरघळायला तू काय गूळ आहेस?"

आणि दोघी डोक्यावर इरलं घेऊन निघाल्या. त्या दिवशी त्या पारापर्यंत गेल्या आणि पारालाही एक प्रदक्षिणा घालून आल्या.

सोनपावलांनी गौराई आली. जेवली, मिरवली, लेकीसुनांचं कौतुक पाहिलं. आणि तिचा निघायचा दिवस उजाडला. आकाश धुतल्यासारखं निळं. तेरड्याची गुलाबी फुलं वाटेवर दुतर्फा हसणारी. ताशा वाजायला लागला. बायका डोक्यावर गौरी घेऊन तळ्याकडे निघाल्या. तुंगाआजीनं गौराईला मनोमन नमस्कार केला, वाकली आणि पाट उचलला.

उचलला गेला! डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाट, आणि आजी चालायला लागली.

देऊळ गेलं, पार गेला. चढ लागला. ऊन चढलं. आजीचा श्वास फुलला. चढाच्या मध्यावर तिनं पाट खाली ठेवला. नुसता दम खायला हं. पाट सावलीत पडला होता. पितळी फुलं लुकलुकत होती. कसा मऊ, कसा गार दिसत होता!

आणि सगळं गाव, चांगल्या मनाचं, जन्माच्या सवयीचं, दुधाचं भय विसरून एका सुरात म्हणालं, "बसा आजी, बसा! दमलात, बसा!"

आजीचे गुडघे वाकले. पाट वाट बघत होता. बयाआजीनं डोळे मिटून घेतले.

शेवंतीच्याही ओठांवर तेच आलं होतं. आजवर ती प्रेमानं तेवढंच म्हणत आली होती. पण तिनं ओठ मिटले, अबोलीसारखे. मग ती आजीच्या समोर गेली, आजीच्या कमरेला खोचलेल्या सुपारीच्या बटव्याची दोरी पटकन ओढली, बटवा घेतला आणि चढावर पळत सुटली. ठिगळाठिगळांचा परकर उन्हात फुलपाखरासारखा फडफडला.

"आजी, सुपारी हवी तर मला पकड!"

"अगं चोरटे!" आजीची कंबर ताठ झाली. "थांब, बघतेच तुला!" तिनं पाट झपकन उचलला, काखेत मारला आणि निघाली शेवंतीच्या मागे. 'कट्-कुट्, कट्-कुट्!' गुडघे ताशाच्या तालावर वाजायला लागले. मागे बयाआजी, तिच्यामागे पाटलीणबाई, त्यांच्यामागे ताशेवाले. ओंजळगावात गौरी इतक्या वेगानं कधी तळ्यावर गेली नव्हती!

अनंताच्या झाडाखाली शेवंतीला आजीनं पकडलं. बटवा हिसकावला आणि लेकराचा मुका घेतला. मग दोन्ही हातांत पाट धरून ती म्हणाली, "कोण आहे गं इथे? ज्यांचं त्यांनी घ्या. फार सुख दिलंत. आता पुरे."

फूल उमललं. परी बाहेर आली. ती फक्त शेवंतीला आणि दोन आज्यांना दिसली. बाकीच्यांना वाटलं, झाडावर ऊन चमकतंय.

परीनं आजीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "चालत आलात?"

"पळत," आजी ऐटीत म्हणाली.

परी खुदकन हसली. तिनं पाटाला टिचकी मारली. पाट मातीत रुजला, त्याला फांद्या फुटल्या, आणि बघता बघता सोनचाफ्याचं झाड झालं. पितळी फुलांची खरी फुलं झाली, पिवळीधमक, सुगंधी.

"शेवंती," परी म्हणाली, "दुसऱ्यासाठी मागितलंस, आणि चुकलं तेव्हा लपवलं नाहीस. हे झाड तुझं. कितीही फुलं तोड, शेवटचं एक कायम राहील. गावोगावच्या देवळांना हार दे, पोटभर खा, नवा परकर घाल."

"परीबाई, झाड आमच्या दारात लावता येईल?"

"दारात देते होय!" परीनं कमरेवर हात ठेवला. "इथेच राहील. रोज चढून यायचं. दोघींनी."

तेवढ्यात गौरी काठावर ठेवल्या गेल्या. गाव गोल करून उभं राहिलं. तुंगाआजी आणि बयाआजी पुढे झाल्या. पदर खोचले, हातात हात घातले, पावलं जुळवली. दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या. आणि फिरायला लागल्या! आधी हळू, मग भरभर, मग भिंगरीसारख्या. बांगड्या किणकिणल्या. तुंगाआजीनं सूर लावला,

"तुंगा बसली पाटावर, पाट बसला उरावर,
तुंगा उठली, पाट गेला चाफ्याच्या गं शेंड्यावर!"

बयाआजी मागे राहते होय?

"देवी झाली शेजारीण, खाई शिरा तुपाचा,
फिरून फिरून बया दमली, गुडघा सुटला फुकाचा!"

गाव पोट धरधरून हसलं. परी उडाली आणि त्या दोघींच्या गुंफलेल्या हातांवर जाऊन बसली. फुगडी फिरली तशी तीही फिरली. तिचं धुक्याचं लुगडं सोनेरी झालं, पंखांतून रंग सांडले, पांढरे केस चांदण्यांसारखे लखलखले. फुगडीच्या मधोमध उजेडाचं एक इवलंसं चक्र उमटलं, मोठं मोठं झालं, तळ्यावर पसरलं आणि पाण्यातल्या गौराईच्या वाटेवर मिसळून गेलं. परी दिसेनाशी झाली. अनंताच्या फुलावर दवाचा एक थेंब तेवढा थरथरत राहिला.

ओंजळगावात आता म्हातारं माणूस उठायला लागलं तर कुणी "बसा" म्हणत नाही. "चला, येतो बरोबर," म्हणतात. दूध नासायचं भय नको, म्हणून पाटलीणबाई सगळ्यांत मोठ्यानं म्हणतात.

गौराई, तुंगाआजीच्या गुडघ्यांना जसं तू बोलतं केलंस, तसं घरोघरच्या आज्याआजोबांच्या गुडघ्यांना बोलतं ठेव, चालतं ठेव, भांडत असले तरी चालेल.

गोष्ट बसून ऐकलीत ना बाळांनो? आता उठा. स्वयंपाकघरात जा, आजीच्या हातातलं काम घेऊ नका. तिच्यापुढे दोन्ही हात करा आणि म्हणा, "आजी, फुगडी?"